हमरापूरची लावरी

२४ नोव्हेंबर

साहेबांना रोज संध्याकाळी फोनवर अहवाल पाठवायचा असं ठरलं आहे. अहवाल म्हटला की गोड लिहिणं आलं. जे गोड नाही ते कुठेतरी ओकायला हवं, नाहीतर मी बायकोवर, सुरभीवर ओरडतो. तिनेच ही वही आणून दिली आणि म्हणाली, "यात ओरडा."

कुत्री आज दुपारी आली. इंग्लिश पॉइंटर, मादी. पांढरी, अंगावर तपकिरी ठिपके, पाय लांबसडक. कागदोपत्री नाव ऑलिव्ह. ते सुरभीच्या तोंडात बसेना, म्हणून तिने चहा उकळेपर्यंत तिची मैना करून टाकली. दुसऱ्याच्या जनावराला आपलं नाव देऊ नये, पाठवताना जड जातं, असं मी बजावलं. मी स्वतः तिला कुत्रीच म्हणणार.

काम असं आहे. पूर्वी हे कुत्रे शिकारीला न्यायचे. आता शिकार बंद आहे, पाखराला दगड मारला तरी कायदा आहे, आणि ते बरंच आहे. पण हौशी मंडळींनी बंदूक वगळून खेळ तेवढा ठेवला आहे. पोल्ट्रीतल्या लावऱ्या, म्हणजे बटेर, गवतात जाळीखाली ठेवतात. कुत्र्याने माळभर फिरून लावरी हुडकायची आणि ती दिसली की एक पाय उचलून जागच्या जागी थिजायचं. याला पॉइंट म्हणतात. भुंकायचं नाही, शिवायचं नाही, मालकाची शिट्टी होईपर्यंत हलायचं नाही.

या कुत्रीने आजवर एकही पॉइंट दिलेला नाही. पुण्यातल्या दोघांनी हात टेकले, तेव्हा माझं नाव निघालं. मी आजवर पहाऱ्याचे कुत्रे शिकवले, कंपन्यांच्या गेटवरचे आणि गोदामांचे. भुंक म्हटलं की भुंकणारे, धर म्हटलं की धरणारे. सिक्युरिटीची नोकरी सोडून निडीला सासऱ्यांच्या माळावर स्वतःची पाटी लावली, त्यावर हे पहिलं मोठं काम.

सोळा फेब्रुवारीला रोह्याच्या पुढे एका फार्महाऊसवर परीक्षा आहे. "तिथे उभी राहिली तर राहिली," कुत्रीचे मालक प्रणित साहेब गाडीत बसता बसता म्हणाले, "नाहीतर वडखळला काकांचं ट्रान्सपोर्टचं यार्ड आहे, तिथे बांधू. काहीतरी उपयोग व्हायला हवा ना." हे ते हसत म्हणाले. यार्डातली साखळी मला माहीत आहे. साखळी जाईल तेवढी जमीन चकचकीत झिजते आणि त्यापलीकडे गवत असतं.

मला काय करायचंय म्हणा. आपण शिकवायचं काम घेतलंय.

२९ नोव्हेंबर

कॅनव्हासची गुंडाळी गवतात ठेवायची, कुत्रीला सोडायचं, गुंडाळीजवळ आली की थांबवायचं. व्हिडिओतला गोरा मास्तर असंच करतो आणि त्याचे कुत्रे पुतळे होतात. आमची गुंडाळीवर बसली.

सासरे, म्हणजे हैबतराव, वालाच्या शेतातून बघत होते. त्यांना दुसरं काम नाही असं नाही, पण माझी फजिती बघायला ते वेळ काढतात. "काय वो जावईबापू, ही पाखरं हुडकते का पाखरं हिला हुडकतात?"

त्यांच्या माळावर उभा असल्यामुळे मी गप्प बसलो. अहवालात लिहिलं, "ऑलिव्ह वातावरणाशी जुळवून घेत आहे."

७ डिसेंबर

आज डोक्यात प्रकाश पडला. चूक कुत्रीची नाही, गुंडाळीची आहे! ती कुठल्या बाजूने पाखरू दिसते? तिच्यासाठी मीही थांबणार नाही. गोऱ्या मास्तराचं ठीक आहे, त्याच्याकडे दुसरं काही नसेल. आपण पेणचे. आपल्याकडे माती आणि कागदाचे असे देव करतात की बघणारा आपोआप चपला काढतो. त्यांना एक लावरी जमणार नाही?

तडक हमरापूरला गेलो. सरूताई माझी थोरली बहीण. आम्ही खाडीकाठचे, बाप मिठागरात राबला, पण ताईचं सासर मूर्तीवाल्यांचं. लग्न होऊन गेली आणि तिच्या हाताला अशी कला सापडली की आता सगळ्या शेडमधल्या गणपतींचे डोळे तीच रेखते.

"काय रं जित्या, मी गनपती सोडून आता कोंबड्या करू?"

"लावरी, ताई."

"तीच ती. मना येल हाय काय?"

वेळ नाही म्हणता म्हणता तिने मोबाईलमधला फोटो मोठा करून बघितला आणि ब्रशच्या मागच्या टोकाने डोकं खाजवलं. तेव्हाच मी ओळखलं, बाई करणार.

१२ डिसेंबर

चार लावऱ्या आणल्या. कागदी लगद्याच्या, हलक्या, मुठीत मावतील एवढ्या. पाठीवर पिसांच्या रेघा, गळ्याशी काळी पट्टी आणि डोळे असे की आता भुर्रकन उडेल. सुरभीने एक टीव्हीशेजारी मांडून ठेवली, ती परत घेताना भांडण झालं.

हैबतरावांनी हातात घेऊन फिरवून बघितली. "ब्येस हाय. पन चार खरी पिसं बांध की हिला. कोंबडीची हायत घरात, फुकट."

मी म्हटलं, मामा, पिसं बांधली तर एवढी कारागिरी झाकली जाईल. काही लोकांना कलेतलं कळत नाही त्याला इलाज नाही.

१५ डिसेंबर

उभी राहिली!

सकाळचं ऊन नुकतं माळावर आलं होतं. मी लावरी गवताच्या झुपक्यात दडवली होती. कुत्री नेहमीसारखी उधळत आली, पुढे गेली आणि मागून कोणी दोरी ओढावी तशी वळली. नाक वर, शेपटी सरळ, पुढचा उजवा पाय उचललेला. पापणीसुद्धा हलेना. मी शिट्टी फुंकायचंच विसरलो. मग फुंकली तशी धावत माझ्याकडे आली आणि दोन्ही पाय माझ्या छातीवर टेकले.

दुसरी लावरी ठेवली, तिथेही उभी. तिसरी बांधाखाली ठेवली, मला स्वतःला ती नीट दिसत नव्हती, तरी उभी. सासऱ्यांना मुद्दाम हाक मारून दाखवलं. ते म्हणाले, "व्हय गड्या, थांबली खरी." त्यांच्या तोंडून "गड्या" आलं, म्हणजे मानलं.

२२ डिसेंबर

पुन्हा डोकेदुखी. दव आणि गवत लागून लावऱ्यांचा रंग उडाला. अशा लावरीवरून मैना सरळ चालत जाते, ढुंकूनही बघत नाही. हमरापूरला नेऊन ताईकडून परत रंगवून आणल्या, की पुन्हा पहिल्यासारखी थिजते. हे आता दर आठवड्याला करावं लागणार.

ताई वैतागली. "तुजी कुत्री हाय का मखरात बसनारी बाय?"

मी समजावलं, की उंची जातीच्या कुत्र्याला देखणेपणाची पारख असते. गावठी कुत्रा रंग उडालेल्या पाखरावरही समाधान मानेल, ही मानणार नाही. ताईने डब्यात ब्रश बुडवला तेव्हा मैना शेडच्या दाराशी उभी राहून थरथरत होती. नव्या जागी बुजली असेल.

साहेबांना व्हिडिओ पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला.

३ जानेवारी

एक चूक झाली. मैना पॉइंटवर उभी असताना शेतातला पंप बंद पडला म्हणून सासऱ्यांनी हाक मारली. मी गेलो, पंप उघडला, नंतर चहा झाला, गप्पा झाल्या. ऊन चढल्यावर आठवलं. पळत गेलो तर बाई तशीच उभी. पाय थरथरत होते, जीभ बाहेर, पण जागा सोडली नव्हती. शिट्टी दिली तेव्हा चालत आली, धावायचं त्राण नव्हतं.

सुरभी फार बोलली. "तुम्ही नाय आलात तर मरेपर्यंत उभी राहील ती. असं शिकवतात कुनाला?"

मी म्हटलं, नियम तो नियम, आणि अशी पक्की कुत्री अख्ख्या जिल्ह्यात नाही. पण जेवण गेलं नाही. दुपारभर तिच्या पायांना तेल चोळत बसलो. महागडी कुत्री आहे, काही झालं तर साहेब मला सोडणार नाहीत.

१२ जानेवारी

सासऱ्यांकडे पोपटी होती. वालाच्या शेंगा, अंडी, भांबुर्ड्याचा पाला, मडकं उलटं करून जाळ. पाहुणे जमलेले, मी जरा ऐटीत मैनाला घेऊन गेलो. सासऱ्यांनी संक्रांतीसाठी नुकताच दाराला निळा रंग दिला आहे. मैना अंगणात शिरली आणि दारासमोर उभी राहिली. पाय वर, शेपटी सरळ, आत ना पाखरू ना पाखराची सावली.

"आत कोनी लावरी बसलीय काय?" असं पाहुण्यांपैकी एकाने विचारलं आणि सगळे खो खो हसले. शेंगांना चव लागली नाही. शिस्तीत वाढलेली कुत्री एकाएकी थट्टा का करायला लागते मला कळत नाही. दोन दिवस शिस्त कडक करतो.

२१ जानेवारी

कडक करून उपयोग शून्य. माघी गणपतीसाठी गावच्या देवळाचं रंगकाम चालू आहे. आज तिथून जाताना मैनाने पट्टा हिसडला, देवळापुढे गेली आणि पॉइंट धरला. गाभाऱ्याकडे तोंड करून!

गावातल्या कृष्णाबाई फुलं घेऊन येत होत्या. त्यांनी आधी कुत्रीकडे बघितलं, मग देवाकडे आणि टोपली खाली ठेवून हात जोडले. तासाभरात निम्मं गाव गोळा झालं. "मुकं जनावर, पन भाव बघा गो," असं एकमेकींना सांगत बायकांनी तिला कुंकू लावलं. मी शिट्टी फुंकली तर माझ्यावरच ओरडल्या. कोणी एक आजारी शेळी आणली होती, तीही मैनासमोर उभी केली.

आता मी तिला फिरवायला नेलं की लोक नमस्कार करतात. तिला, मला नाही. परीक्षा तोंडावर आली आणि या कुत्रीला भक्ती सुचली आहे. अहवालात काय लिहू? "ऑलिव्हची एकाग्रता वाढत आहे" असं लिहिलं.

३० जानेवारी

पोल्ट्रीतून जिवंत लावऱ्या आणल्या, खऱ्यांची सवय हवी म्हणून. पिंजरा अंगणात ठेवला. मैनाने एकदा हुंगलं, जांभई दिली आणि पिंजऱ्याला पाठ लावून झोपली.

आधी मी हादरलो. एक लावरी जाळीखाली घालून माळावर ठेवली, तर तिच्यावरून ओलांडून गेली. मग विचार केला तेव्हा उलगडा झाला. हिने या लावऱ्या अंगणात बघितल्या, म्हणजे हिच्या लेखी त्या घरच्या झाल्या. पहाऱ्याचा चांगला कुत्रा घरच्या कोंबड्यांवर भुंकतो का? नाही. तोच संयम आहे हा. परीक्षेतल्या लावऱ्या परक्या असतील, तिथे ती बरोबर थांबेल.

सुरभीला हे सांगितलं. ती म्हणाली, "तसंच आसंल," आणि भाकरी उलटली. तिला पटलं नसलं की ती असं एवढंच बोलते.

१५ फेब्रुवारी

उद्या परीक्षा. आजही ताईने ताज्या रंगवून दिलेल्या सगळ्या लावऱ्या मैनाने हुडकल्या. एकही चुकली नाही. संध्याकाळी तिला अंघोळ घातली. तिने अंग झटकलं आणि मी भिजलो, सुरभी हसली आणि मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

उद्या निभावली तर साहेब तिला त्यांच्या फार्महाऊसवर ठेवतील, मोकळी. नदीकाठ आहे, गवत आहे. यार्ड टळेल. बस्, तेवढं व्हावं.

१६ फेब्रुवारी

लिहिण्यासारखं काही नाही. तरी लिहितो, नाहीतर डोकं फुटेल.

रोह्याच्या पुढे, कुंडलिका नदीच्या काठाने, झकास फार्म. मांडव, खुर्च्या, गार पाणी, मुंबईची माणसं आणि त्यांचे चकाचक कुत्रे. मैदानाच्या कडेने खुंट ठोकलेले, लाल-पांढरे, नवेकोरे. आमचा नंबर आला. प्रणित साहेबांनी मित्रांना बोलावून उभं केलं होतं. मी मैनाचा पट्टा सोडला.

ती सुंदर धावली. सगळे गप्प झाले इतकी सुंदर. पहिल्या लावरीवरून गेली. अक्षरशः वरून, जाळीला पाय लागला आणि आतली लावरी फडफडली, तरी हिने मान वळवली नाही. सरळ कडेच्या खुंटापाशी गेली आणि पॉइंट.

मला वाटलं खुंटामागे एखादी लावरी असेल. शिट्टी दिली, परत सोडली. दुसरा खुंट. पॉइंट. मग तिसरा. ती मैदानाला फेरी घालत एकेका खुंटापुढे थिजत गेली आणि प्रत्येक ठिकाणी माझ्या शिट्टीची वाट बघत राहिली, इतकी शहाणी, इतकी आज्ञाधारक, की मला तिचा गळा धरावासा वाटला. कोणीतरी मोजायला लागलं. मग सगळेच एका सुरात मोजायला लागले.

परीक्षक म्हातारे होते, सज्जन होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "इतका घट्ट पॉइंट मी आयुष्यात पाहिला नाही हो. तिथे पक्षी असता तर पहिला नंबर होता."

प्रणित साहेब हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "पुढच्या रविवारी यार्डची गाडी येईल. तोवर ठेवा."

घरी येताना ती मागच्या सीटवर माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून बसली होती. तिला वाटत होतं, आज फार छान काम केलं. मी खांदा बाजूला घेतला नाही.

१७ फेब्रुवारी

खुंट का? दार का? देऊळ का? कुत्री वेडी आहे का मी?

कोणाशी बोलायची इच्छा नाही. सासरे येऊन गेले, चेष्टा न करता. ते जास्त लागलं.

१९ फेब्रुवारी

हमरापूरला गेलो होतो. उरलेल्या लावऱ्या ताईच्या पुढ्यात फेकायच्या आणि चार शब्द सुनावायचे, एवढाच हेतू. माझ्या फजितीचं खापर फोडायला बहिणीइतकं हक्काचं कोण असतं! मैनाला घरी ठेवायला जीव होईना, म्हणून बरोबर नेली.

शेडमध्ये रंगकाम जोरात होतं. फळ्यांवर गणपतीच गणपती, ओले, गुलाबी, पिवळे. मैना आत शिरली आणि थिजली. पाय वर. मग मान वळवली, दुसऱ्या गणपतीकडे थिजली. मग तिसऱ्याकडे. मग तिला कळेना की कुठे बघावं. सगळीकडेच पाखरं! पुढचा एक पाय खाली ठेवून दुसरा उचलायची, परत तो ठेवून पहिला. अंग नुसतं थरथरत होतं. शेवटी ती रंगाच्या डब्यापाशी गेली, त्याच्यासमोर पाय उचलून उभी राहिली आणि तिथे मात्र स्थिर झाली.

ताईने डबा उचलून डावीकडे ठेवला. मैना डावीकडे वळली. उजवीकडे ठेवला, तर उजवीकडे.

"जित्या," ताई हळू म्हणाली, "पाखराचा नाय रं. हिला माज्या रंगाचा वास शिकवलास तू."

मी तिथेच पोत्यावर बसलो. वास! जन्म गेला माझा कुत्र्यांत. कुत्रा आधी नाकाने बघतो हे मी गेटवरच्या पोरांना शिकवायचो आणि स्वतः लावरीचे डोळे बघत बसलो. कोंबडीची चार पिसं बांध म्हणून म्हातारा सांगत होता, तर मला कला झाकली जाईल याची चिंता. निळं दार, देऊळ, खुंट. तिने एकदाही चूक केली नव्हती. मी जे शिकवलं ते तिने दर वेळी बिनचूक करून दाखवलं आणि मी तिला दोन दिवस कडक वागवलं.

माझा रागच गेला. राग धरायला माझ्याशिवाय कोणी उरलं नाही आणि स्वतःवर किती ओरडणार? ताईने चहा पाजला. हसली नाही.

२० फेब्रुवारी

साहेबांना फोन करून सगळं खरं सांगितलं. महिनाभर द्या, नव्याने शिकवतो, पाखराच्या वासावर आणतो, असं विनवलं. ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही माझ्या पॉइंटरला गणपती शोधायला शिकवलंत?" आणि इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला वाटलं, हसले म्हणजे सुटलो. हसणं संपल्यावर म्हणाले, "रविवारी गाडी येते आहे."

२१ फेब्रुवारी

पहाटेपासून माळावर. खरी पिसं बांधली, खरी लावरी ठेवली, गूळ दिला, अंडं दिलं. मैना माझ्याकडे बघते, लावरीकडे नाही. दोन-तीन दिवसांत काय होणार? तरी करतोय. सासरे सकाळी कोंबडीच्या पिसांची पिशवी ठेवून गेले. सुरभी जेवायला हाका मारून थकली.

दुपारी बांधावर बसलो होतो, तर ती येऊन मांडीवर डोकं ठेवून झोपली. जिथे जाणार आहे तिथे मांडी नाही. ट्रकखाली सावली असते, तीही ट्रक निघेपर्यंत.

पाठवताना जड जातं असं मीच सुरभीला सांगितलं होतं.

२३ फेब्रुवारी

गाडी सकाळीच आली. ड्रायव्हर बाबाजी, साधा माणूस. मागे लोखंडी पिंजरा. "साहेबांनी खास करून घेतलाय हिच्यासाठी," तो म्हणाला. "कालच हिरवा मारलाय. हात लावू नका, अजून चिकट हाय."

मी मैनाला बाहेर आणलं. तिचं ताट, तिचं फडकं सुरभीने पिशवीत भरून ठेवलं होतं. पट्टा माझ्या हातात होता आणि मी साहेबांचं काम साहेबांना परत करत होतो, बस्. मनाची तयारी झाली होती.

मैनाने नाक वर केलं. दोन पावलं पुढे टाकली आणि पिंजऱ्यासमोर उभी राहिली. उजवा पाय वर, शेपटी सरळ. इतके दिवस शिकवलं, त्यात असा पॉइंट नाही पाहिला.

"हिला काय झालं?" बाबाजीने विचारलं.

"पॉइंट आहे. आता शिट्टी होईपर्यंत हलायची नाही."

"मग उचलून घालू काय?"

तो पुढे झाला. मैनाच्या अंगावर साधा शहारासुद्धा आला नाही, तिने आजवर कोणाला दात दाखवलेला नाही. मी म्हटलं, "उचला. पण मी पहाऱ्याचे कुत्रे शिकवतो, हे साहेबांनी सांगितलंय ना?"

बाबाजी दोन पावलं मागे गेला. "मग तुमी वाजवा ना शिट्टी. तुमच्याकडं यील, मग घाला आत."

मी खिसे चाचपले. शिट्टी उजव्या खिशात होती, बोटांना लागली. मी डावा खिसा चाचपला, मग शर्टाचा. "सापडत नाही," मी म्हणालो.

सुरभी दारात उभी होती. शिट्टी माझ्या कोणत्या खिशात असते हे तिला माझ्याआधी माहीत असतं. ती म्हणाली, "काल धुन्यात गेली वाटतं."

"वढ्यात व्हावली आसंल," बांधावरून सासरे ओरडले. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

बाबाजीने साहेबांना फोन लावला, बराच वेळ "हो साहेब, नाय साहेब" केलं आणि फोन माझ्याकडे दिला.

"शिट्टी हरवली म्हणे. नवी आणा."

"नव्या शिट्टीचा आवाज तिला ओळखू येणार नाही, साहेब. पहिल्यापासून शिकवावं लागेल."

"किती दिवस लागतील?"

"मी शिकवणार म्हणजे वेळ लागणारच. तुम्ही बघितलंच आहे."

त्यांनी विचारलं, "आत्ता कशासमोर उभी आहे ती?"

"तुमच्या पिंजऱ्यासमोर."

पलीकडून हसल्यासारखा श्वास आला. "ठेवा तिला तिथेच. मला आता त्या कुत्रीचं नाव ऐकायचं नाही." फोन बंद झाला.

बाबाजीने चहा घेतला, मैनाला लांबूनच नमस्कार केला आणि गाडी वळवली. तिने मान तेवढी गाडीबरोबर फिरवली. गाडी फाट्यापर्यंत गेली, दिसेनाशी झाली, धूळ बसली, तरी ती रस्त्याकडे नाक करून, पाय उचलून उभी होती. नियम तो नियम. मी तिला हेच शिकवलं होतं, मी सोडेपर्यंत थांबायचं.

मी खिशातून शिट्टी काढली आणि फुंकली. ती वळली आणि अशी आली की मी आडवाच झालो, अंगणात, सगळ्यांसमोर, आणि रडलो. सगळ्यांनी बघितलं.

आतून सुरभी म्हणाली, "सापडली वाटतं."